पॅडच्या पोटातला ठेका: ॲम्बियंट आणि नृत्यताल एका अल्बममध्ये बसवताना

प्रश्न: मी सिंथेसायझरवर ॲम्बियंट संगीत करतो आणि माझा मित्र क्लबसाठी हाउस आणि टेक्नो करतो. दोघांनी मिळून प्रोग्रेसिव्ह वळणाचा, सलग ऐकता येईल असा तासाभराचा अल्बम करायला घेतला आहे. आठ ट्रॅक झालेत, पण प्रत्येकात माझे पॅड (लांब धरलेले सिंथचे सूर) आणि त्याचे बीट एकमेकांवर चिकटवल्यासारखे वाटतात. तिसऱ्या ट्रॅकमध्ये तर दोन मिनिटांनी किक (ड्रमचा खालचा, जड ठोका) येते तेव्हा दुसरंच गाणं लागल्यासारखं होतं. मी म्हणतो किकने वातावरण फाटतं, तो म्हणतो मी गाणं सुरूच होऊ देत नाही. मिक्सिंगमध्ये बरंच करून पाहिलं. चूक नेमकी कुठे आहे?

उत्तर:

तुमचा प्रश्न वाचताना मला माझा असा पहिला अल्बम आठवला. पहिले दोन महिने आम्ही नुसतं ईक्यू (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायचं साधन) फिरवत बसलो होतो. पॅडचा खालचा भाग काप, किकचा क्लिक वाढव, साइडचेन (किकसरशी पॅड दाबणारी जोडणी) आणखी खोल कर. प्रत्येक ट्रॅक थोडा साफ होत गेला आणि तरीही एका खोलीत दोन रेडिओ लागल्यासारखाच वाजत राहिला. शेवटी एका रात्री सगळे ड्रम म्यूट करून नुसते सिंथ ऐकले आणि लक्षात आलं की माझ्या सिंथमध्ये लय नावाची गोष्टच नव्हती. त्या नऊ मिनिटांच्या पॅडला गाण्याचा वेग १२० बीपीएम (मिनिटाला इतक्या मात्रा) असो की ७०, काहीच फरक पडत नव्हता. मग किकने त्याला धरायचं तरी कुठे?

तेव्हापासून मी एका गोष्टीवर ठाम आहे. किक यायच्या आधी ठेका सिंथमध्ये चालू असला पाहिजे. ऐकणाऱ्याच्या पायाने तो पकडलेला असला पाहिजे, भले त्याला स्वतःला ते कळलेलं नसो. किकने येऊन तो फक्त उघड करायचा. विलंबित ख्यालात लय किती संथ असते, तरी समेवर सगळी मैफल एकदम मान हलवते, कारण सम येणार हे प्रत्येकाच्या आत आधीपासून मोजलं जात असतं. तुमच्या तिसऱ्या ट्रॅकमध्ये दोन मिनिटं कोणीच काही मोजत नाही आणि मग अचानक किक येते. ती परकी वाटणारच.

हे काही मी शोधलेलं नाही. १९७७ साली जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट या निर्मात्यांनी गायिका डोना समरसाठी ‘आय फील लव्ह’ केलं ते हेडफोनवर नीट ऐका. मूग मॉड्युलर सिंथेसायझरवरची बेसची ओळ एका कानात आहे आणि डिलेतून आलेला तिचा पडसाद दुसऱ्या कानात. प्रत्येक स्वराच्या मागोमाग त्याचा पडसाद पडतो आणि मधल्या रिकाम्या जागा भरून निघतात. गाणं पळतं ते त्या डिलेमुळे. यंत्रसंगीताचा नमुना म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, त्या गाण्यातली किक मात्र कीथ फोर्सी या ड्रमरने स्वतः वाजवली आहे, कारण मूगमधून हवी तशी ठाशीव किक निघत नव्हती. सिंथ पुढे चालतो आणि ड्रमर त्याच्या पावलावर पाऊल टाकतो, असा तो क्रम आहे.

दुसरं उदाहरण तुमच्या अल्बमच्या आणखी जवळचं आहे. जर्मन संगीतकार मॅन्युएल ग्योटशिंगने १२ डिसेंबर १९८१ रोजी बर्लिनमध्ये, स्वतःच्या स्टुडिओत, जवळजवळ तासभराची एकच सलग टेक रेकॉर्ड केली. ती ‘ई टू - ई फोर’ या नावाने १९८४ मध्ये आली. मूळ आधार दोन कॉर्डचा, गिटार येते ती जवळपास अर्धी वाट सरल्यावर. डान्स फ्लोअर डोळ्यांसमोर ठेवून केलेलं ते संगीत नव्हतं, तरी क्लबमध्ये ते वाजलं आणि १९८९ मध्ये ‘सुएन्यो लातिनो’ या इटालियन हाउस ट्रॅकचा पाया झालं. त्या सिंथच्या आकृतीत नाच आधीपासूनच होता, म्हणून हे होऊ शकलं. आणि आपल्याकडे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ केला, रोलंड कंपनीचं टीआर-८०८ ड्रम मशीन, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हे सिंथ घेऊन. तिथेही रागाची ओळ आणि खालचं यंत्र एकाच घड्याळावर बांधलेलं आहे. एवढ्या वेगातही राग हरवत नाही, तो या बांधणीमुळे.

आता तुमच्या ट्रॅककडे येऊ. आधी एक कसोटी घ्या. ड्रमचा सगळा ग्रुप म्यूट करा आणि संगीत न करणाऱ्या एखाद्या माणसाला ट्रॅकची पहिली दोन मिनिटं ऐकवून, वाटेल तिथे टाळी द्यायला सांगा. त्याची टाळी थोड्या वेळात एका वेगावर स्थिरावली तर मिक्सिंगवर काम करण्यात अर्थ आहे. तो गोंधळून तुमच्याकडे बघायला लागला तर रचनेकडे परत जा. आठही ट्रॅकना ही कसोटी लावा. माझा अंदाज आहे की निम्म्याहून अधिक नापास होतील, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. ॲम्बियंट करणारा माणूस वर्षानुवर्षं ठेका पुसायलाच शिकलेला असतो.

ठेका पॅडमध्ये पेरायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मुकी किक. प्रोजेक्टमध्ये प्रत्येक मात्रेवर एक किक ठेवा, पण तिचा आवाज मास्टरकडे, म्हणजे शेवटी ऐकू येणाऱ्या मिश्रणाकडे, जाऊ देऊ नका. ती फक्त पॅडवरच्या कॉम्प्रेसरच्या (आवाज दाबणाऱ्या साधनाच्या) साइडचेनला पोचू द्या, आणि तेही ट्रॅकच्या पहिल्या सेकंदापासून. सुरुवातीला दाब इतका कमी ठेवा की मीटरवर जेमतेम एक डेसिबल दिसेल. मग दोन मिनिटांत हळूहळू चार-पाच डेसिबलपर्यंत न्या. १२० बीपीएमला मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते. रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) २५० ते ३०० मिलिसेकंदांच्या आसपास असला तर पॅड पुढच्या मात्रेआधी पूर्ण वर येतो आणि श्वास घेतल्यासारखा चालतो. रिलीज फार लांबला की पॅड वर येतच नाही, कायम दबलेला राहतो. किकने वातावरण खाल्लं अशी जी तुमची तक्रार आहे, त्यातली अर्धी या एका नॉबमुळे असू शकते. खरी किक येते त्या क्षणी पॅडच्या हालचालीत काहीच बदल होता कामा नये. तो आधीपासून जसा हलत होता तसाच हलत राहील, फक्त आता त्याला हलवणारा आवाज ऐकू येईल.

यानंतरची गोष्ट ॲम्बियंट करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही, मलाही उशिरा कळली. समजा पॅडचा अटॅक (स्वर पूर्ण उमलायला लागणारा वेळ) दीड सेकंदाचा आहे आणि स्वर तुम्ही बारच्या (चार मात्रांच्या गटाच्या) पहिल्या मात्रेवर लिहिला आहे. १२० बीपीएमला दीड सेकंद म्हणजे तीन मात्रा, म्हणजे तो स्वर पूर्ण उमलतो चौथ्या मात्रेवर. एकटा ऐकताना हे सुंदरच वाटतं. खाली बीट आला की तोच पॅड प्रत्येक वेळी उशिरा पोचलेला वाटतो, आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही. म्हणून स्वर तीन मात्रा आधी सुरू करा, म्हणजे त्याचं शिखर समेवर पडेल. एमआयडीआयमध्ये (स्वरांच्या डिजिटल नोंदीत) जमत नसेल तर ऑडिओ करून मागे सरकवा. माझ्या त्या पहिल्या अल्बममधले तीन ट्रॅक केवळ एवढ्याने जागेवर आले.

फिल्टर संथपणे उघडणारी-मिटवणारी लहर, म्हणजे एलएफओ, हीही हर्ट्झमध्ये ठेवू नका, बारमध्ये ठेवा. १२० बीपीएमला चार बारचं आवर्तन आठ सेकंदांचं, म्हणजे ०.१२५ हर्ट्झ. तुम्ही अंदाजाने ०.१३ ठेवलंत तर सुरुवातीला कानाला काहीच कळणार नाही, पण शंभर सेकंदांत ते आवर्तन बरोबर उलटं झालेलं असेल: किक जिथे जोर मागते तिथे तुमचा फिल्टर मिटलेला. डिलेचंही तसंच. ठोके मिलिसेकंदांत हवे असतील तर ६०,००० ला बीपीएमने भागायचं आणि मग पाऊण मात्रा घ्यायची. १२० ला ती ३७५ मिलिसेकंद येते. सरळ मात्रेवरचा डिले किकच्या मागे लपतो, पाऊण मात्रेचा डिले तिच्या मधून विणला जातो. संथ कॉर्डलासुद्धा त्याने चाल येते.

पण इथे एक धोका आहे आणि तुमच्या मनात तो आला असेलच. सगळंच चौकटीत बसवलं तर ॲम्बियंटचा जीव जातो. त्याचा गुणच मुळी हा, की पुढे काय येईल ते सांगता येत नाही. १९७४ च्या ‘फेड्रा’मध्ये टँजरीन ड्रीम या जर्मन बँडचे मूग ऑसिलेटर (सिंथमधले सूर काढणारे भाग) तापत जातात तसे सूर सरकताना ऐकू येतात, आणि ते सरकणंच त्या संगीताचं सौंदर्य झालं आहे. ते गमावून नाच मिळवला तर तो सौदा मला नको.

यातून वाट काढली ती ॲम्बियंट संगीतकार ब्रायन ईनोच्या युक्तीने. १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मध्ये त्याने वेगवेगळ्या लांबीचे टेपचे लूप सोबत फिरवले. एक स्वर साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा जवळपास सव्वीस, तिसरा जवळपास तीस. लांबी एकमेकांना भागत नाही, म्हणून ऐकण्याच्या आटोक्यात तीच मांडणी पुन्हा येत नाही. तुम्ही हेच करा, फक्त सेकंदांच्या जागी बार मोजा. तीन बारचा एक लूप, पाच बारचा एक आणि आठ बारचा एक, असे तिन्ही एकत्र सोडा. ते पुन्हा एकदम समेवर येतात १२० बारनंतर, आणि १२० बीपीएमला १२० बार म्हणजे बरोबर चार मिनिटं. प्रत्येक लूप किकच्याच घड्याळावर आहे, म्हणून तुमच्या मित्राचा बीट कुठे अडखळत नाही. आणि चार मिनिटं कोणतीच मांडणी तशीच्या तशी परत येत नाही, म्हणून तुमचं वातावरण शिळं होत नाही. ती चौथ्या मिनिटाची सम फुकट घालवू नका. तिथे बेसचा आधारस्वर बदला किंवा किक काढून घ्या. लोक विचारतात की तो क्षण इतका मोठा का वाटतो. चार मिनिटं वेगवेगळ्या वाटांनी चाललेले तिघे तिथे पहिल्यांदा भेटतात, म्हणून.

लूपमधले स्वर निवडताना एक काळजी घ्या. तिन्ही लूप कुठल्याही क्षणी एकमेकांवर पडू शकतात, तेव्हा कुठलेही दोन स्वर एकत्र आले तरी चालेल अशीच निवड हवी. पाच स्वरांत काम करा आणि अर्ध्या स्वराच्या अंतरावरची जोडी टाळा. एखादी हवीच असेल तर ती दोन सप्तकं दूर ठेवा.

आता तुमच्या मित्राच्या बाजूने. त्याने काही सोडायची तयारी दाखवली नाही तर वरचं सगळं वाया जाईल. क्लबच्या ट्रॅकची बांधणी डीजेच्या सोयीसाठी असते. सुरुवातीला आणि शेवटी नुसते ड्रम, म्हणजे एकातून दुसऱ्यात मिसळता यावं. बदल नेहमी आठ किंवा सोळा बारच्या कोपऱ्यावर. अल्बममध्ये त्या सोयीची गरज नाही. तुमचे लूप तीन आणि पाचच्या हिशोबाने फिरत असताना त्याने प्रत्येक आठव्या बारवर झांज आपटली तर त्याने तुमची चार मिनिटांची वाट पंधरा तुकड्यांत चिरली. दोन आणि चार या मात्रांवरचा क्लॅप (टाळीसारखा ठोका) पहिल्या काही मिनिटांत नकोच. क्लॅप आला की डोकं ‘हे हाउस आहे’ असं ठरवून मोकळं होतं आणि ऐकणं थांबवतं. किकसुद्धा आधी फिल्टरच्या आतून येऊ दे, ८० हर्ट्झच्या खालचं अंग फक्त, मग मिनिटभरात वरचा टोला उघडत जाऊ दे.

याहून महत्त्वाचं म्हणजे ड्रमचा कच्चा माल त्याने सॅम्पलच्या फोल्डरमधून न घेता तुमच्या पॅडमधून घ्यावा. तुमच्या पॅडचा अर्धा मिनिट ऑडिओ करून द्या. त्याने त्यातला सात हजार हर्ट्झच्या वरचा भाग गाळून घ्यावा, त्यावर छोटा एन्व्हलप (आवाजाच्या चढ-उताराचा आकार) लावावा, की शेकर तयार. मधल्या भागाला गेट (हलका आवाज अडवणारं साधन) लावला की रिम-शॉटसारखा ठोका मिळतो. उलट तुम्ही त्याच्या टॉमचा किंवा क्लॅपचा एक टोला लांब रिव्हर्बमध्ये (घुमण्याच्या परिणामात) सोडा, ती शेपटी ताणा, खाली उतरवा आणि तिचा पॅड करा. दोघांचे आवाज एकाच मातीचे झाले की जोड दिसेनासा होतो. यापुढे ईक्यूने जोड लपवायची वेळ येत नाही. अख्ख्या उत्तरातून एकच गोष्ट करणार असाल तर ही देवाणघेवाण करा.

खालच्या पट्टीचं थोडक्यात. किकचा मूळ सूर आणि बेसचा आधारस्वर यांचं भांडण रचनेतच मिटवा. एफ म्हणजे ४३.७ हर्ट्झ, जी ४९, ए ५५. या टापूत आधारस्वर असलेले ट्रॅक मोठ्या स्पीकरवर भरदार वाजतात आणि किकही तिथेच सुरात लावता येते. डी घेतलात तर खालचा ३६.७ बऱ्याच स्पीकरवर विरतो आणि वरचा ७३.४ हलका पडतो. किक वाजत असताना पॅड १५० ते २०० हर्ट्झच्या खाली कापा, पण ऑटोमेशनने (ठरलेल्या वेळी आपोआप होणाऱ्या बदलाने), कायमचा नको. किक थांबली की पॅडचं पोट परत उघडू द्या. त्या क्षणी जी ऊब पसरते ती कुठल्याही ड्रॉपपेक्षा मोलाची आहे. रिव्हर्बच्या परतीला ३०० हर्ट्झच्या खाली जागा देऊ नका, आणि साइडचेन पॅडइतकाच त्या परतीवरही लावा. किकला पॅडपेक्षा जास्त त्रास पॅडच्या शेपटीचा होतो.

दोघांनी मिळून काम करण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या दोघांच्या तक्रारींत ते दिसतंय. तुम्ही दोघं आपापलं अंगण राखताय. स्टीव्ह हिलेजची गोष्ट इथे आठवते. गाँग या बँडमधला हा गिटारवादक, त्याने १९७९ मध्ये ‘रेनबो डोम म्युझिक’ हा संथ, वाहता अल्बम केला. दहा वर्षांनी लंडनच्या हेवन क्लबच्या चिल-आउट खोलीत द ऑर्ब या गटाचा ॲलेक्स पॅटरसन तो वाजवत असताना हिलेजने ऐकला. त्या भेटीतून मैत्री झाली. पुढे हिलेज आणि मिकेत जिरोदी यांनी सिस्टम ७ सुरू केलं आणि त्यांच्या १९९१ च्या पहिल्या अल्बममध्ये पॅटरसन, ‘यूथ’ नावाचा निर्माता, पॉल ओकनफोल्ड आणि डेट्रॉइटचा डेरिक मे अशी माणसं होती. त्यातला माझ्यासाठीचा धडा हा, की हिलेजने आपली गिटार बीटवर ठेवून दिली नाही. डिलेतून ती इतकी बारीक चिरली की गिटारच सीक्वेन्सरसारखी वागू लागली. पुढे द ऑर्बच्या १९९२ च्या ‘ब्लू रूम’मध्येही तो आहे. तो सिंगल ४० मिनिटांना जेमतेम दोन-तीन सेकंद कमी, कारण ब्रिटिश चार्टची मर्यादाच तेवढी होती, आणि तरी आठव्या क्रमांकापर्यंत पोचला. लांब, संथ संगीत ऐकायला माणसं तयार असतात. त्यांना फक्त आत चालत्या ठेक्याचा भरवसा हवा असतो.

आमच्यात जे नियम टिकले ते सांगतो. प्रत्येक ट्रॅकला एक मालक, आणि शेवटचा शब्द त्याचा. आठ ट्रॅक असतील तर चार-चार. दुसऱ्याचं काहीही म्यूट करायची मुभा आहे, पुसायची नाही. आणि म्यूट केलं तर कारण सांगायचं ते संगीताच्या भाषेत: ‘कंटाळवाणं आहे’ चालणार नाही, ‘दुसऱ्या मिनिटापासून काहीच बदलत नाही’ चालेल. दोन ट्रॅकमध्ये जागा बदला. पॅड त्याने करायचे, बीट तुम्ही. तुमचा बीट कच्चा होईल, त्याचे पॅड चौकोनी होतील, पण दुसऱ्याची अडचण हातातून कळते आणि त्यानंतरची भांडणं निम्म्यावर येतात. आमच्या अल्बममधला सर्वांत जास्त ऐकला गेलेला ट्रॅक अशाच अदलाबदलीतून निघाला.

फाइलींची शिस्त रुक्ष वाटते, पण मैत्री वाचवते. सगळे स्टेम्स (प्रत्येक आवाजाची वेगळी काढलेली फाइल) पहिल्या बारपासून सुरू करून द्या, मधूनच कापलेले नकोत. रिव्हर्बसकट एक आणि कोरा एक. शेवटी शेपटी पूर्ण विरेपर्यंत जागा सोडा. सोबत एमआयडीआयही द्या. २४ बिट आणि सॅम्पल रेट दोघांचा एकच. आमच्याकडे एकदा ४८ हजारची फाइल ४४.१ वर चालली. आवाज जवळजवळ दीड सेमीटोन खाली उतरला, १२० चा वेग ११०च्या घरात आला, आणि कारण सापडेपर्यंत आम्ही चार दिवस एकमेकांच्या कानांवर शंका घेतली. श्रेय आणि वाटणीचंही आत्ताच लिहून ठेवा, रचनेचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा. मी स्वतः रचनेत सगळं निम्मं-निम्मं ठेवतो. कोणत्या ट्रॅकमध्ये कोणाचे किती बार हे मोजायला लागलो की दोघंही उगाच भर घालू लागतात, आणि अशा संगीताला मोकळी जागाच तर हवी असते.

अल्बमची ओवणी हा आणखी एक मोठा विषय. तुमचे ट्रॅक वेगवेगळ्या वेगांचे असतील तर एकातून दुसऱ्यात जाताना वेग ओढत नेऊ नका, ते गाडीचा गिअर अडकल्यासारखं ऐकू येतं. गणिताची मदत घ्या. ८० बीपीएमच्या मात्रेचे तीन भाग केले की मिनिटाला २४० ठोके होतात, १२० बीपीएमच्या मात्रेचे दोन भाग केले तरी २४०च. म्हणजे ८० च्या संथ ट्रॅकच्या शेवटी तिहेरी चालीचा एक आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकामागून एक) मिनिटभर चालू द्या, बाकी सगळं विरू द्या, आणि त्याच आर्पेजिओखाली १२० ची किक येऊ द्या. स्वर बदलला नाही, ठोका बदलला नाही, तरी जमीन बदलली. तासाभराच्या अल्बममध्ये असं एकदाच, फार तर दोनदा करा. आणि पहिली पूर्ण उघडी किक कितव्या मिनिटाला येणार हे दोघांनी आधी ठरवा. माझ्या मते तासाच्या अल्बममध्ये ती दहाव्या मिनिटाच्या आधी नको.

मास्टरिंगला आठ तुकडे देऊ नका, एकच सलग फाइल द्या आणि कापणी शेवटी करा. सीडी काढणार असाल तर काप सेकंदाच्या १/७५ भागाच्या सीमेवर पडायला हवा, नाहीतर जोडावर टिचकी ऐकू येऊ शकते. सगळे ट्रॅक सारख्याच मोठ्या आवाजाचे करायचा आग्रह धरणारा इंजिनिअर असेल तर नम्रपणे नकार द्या. स्पॉटिफाय आवाज −१४ एलयूएफएसच्या (ऐकू येणाऱ्या जोराच्या मापाच्या) आसपास आणतं आणि अल्बम सलग वाजवला तर पूर्ण अल्बमला एकच माप लावतं, त्यामुळे तुमचा संथ ट्रॅक संथच राहतो. विनाइल डोळ्यांसमोर असेल तर एका बाजूला वीस-बावीस मिनिटंच धरा, म्हणजे तासाला तीन-चार बाजू लागतील. १०० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो करा, आणि बाजूचा शेवट मऊ ट्रॅकने करा, कारण आतल्या खाचांत वरचे सूर खरखरतात.

सुरुवात तिसऱ्या ट्रॅकपासून करा. या आठवड्यात त्याला एकही नवा आवाज जोडू नका. ड्रम म्यूट करा, मुकी किक लावा, पॅडचे स्वर तीन मात्रा आधी सुरू करा आणि त्यातल्या सर्वांत लांब लूपची लांबी पाच बार करा. मग तुमच्या पॅडमधून कापलेला एक शेकर मित्राकडून मागवा, फक्त शेकर. तो चौथ्या मिनिटावर ठेवा आणि किक सहाव्यावर न्या. दोघं एकत्र बसून, स्क्रीन बंद करून ऐका. सहाव्या मिनिटाला किक आली हे तुमच्यापैकी कोणालाही आधी पायाने कळलं आणि मग कानाने, तर उरलेल्या सात ट्रॅकची किल्ली तुमच्या हाती आहे. नाही कळलं तर लूपची जोडी बदला, ३ आणि ५ ऐवजी ५ आणि ७ घ्या, आणि पुन्हा ऐका.